सतरा नंबरचा अर्क

नाशिकच्या एका औषधनिर्माण महाविद्यालयात देवराम गांगुर्डे एकतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होते. कागदावर परिचर, तोंडी सगळे शिपाईच म्हणत. काचेचं भांडं धुऊन झालं की ते खिडकीच्या उजेडात तिरकं धरून बघायचे. पाणी एकसारखं पसरून उतरलं तर भांडं स्वच्छ, थेंब चिकटून राहिले तर पुन्हा घासायचं. घरीही त्यांचा हात पेल्यांबरोबर आपोआप खिडकीकडे जाई. लताबाई म्हणत, "बघा बघा. काय सापडलं तर सरांना कळवा."

लताबाई येवल्याकडच्या. कॉलनीजवळच्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. बोलायला सडेतोड, पण नवऱ्याच्या नोकरीचा त्यांना मनापासून अभिमान होता. 'आमचे हे औषधाच्या कॉलेजात असतात' एवढंच त्या सांगत. तिथे काय करतात ते ऐकणाऱ्यावर सोडून देत. मुलगी तेजल सातपूरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला होती.

या घरात अंगारा, गंडा, दोरा कधी शिरला नाही. रविवारी विहारात वंदना आणि बाकी सगळं पुराव्यानिशी, असा देवरामांचा शिरस्ता. शेजारच्या कोणी बाबा-बुवाचं नाव काढलं की ते शांतपणे विचारत, "किती जणांना दिलं? त्यातले किती बरे झाले? कुठं लिहून ठेवलंय?" समोरचा विषय बदले. दहावी झालेल्या माणसाला असे प्रश्न विचारता येतात याचं कारण एकच होतं. देवरामांनी एकतीस वर्षं प्रयोग जवळून पाहिले होते.

त्यांचं मुख्य काम वनस्पतींचं. पावसाळा सरला की ते विद्यार्थ्यांबरोबर पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात जात. आणलेला पाला, साली, मुळं सावलीत वाळवायची, दळायची, वस्त्रगाळ करायची. मग ती पूड काचेच्या उभ्या नळकांड्यात भरून खाली मद्यार्क उकळत ठेवायचा. त्याची वाफ वर जाऊन थंड होई, पुडीवर ठिबके आणि झाडातलं जे काही असेल ते घेऊन खाली उतरे. दोन दिवसांनी तळाशी गडद अर्क जमे. प्रत्येक अर्काला नंबर असे. सतरा नंबर एका वेलीचा होता. त्या वेलीचं नाव इथे मुद्दाम लिहिलेलं नाही; लिहिलं तर उद्या कोणीतरी पिशवी घेऊन ती शोधत निघेल.

सतरा नंबरावर काम करणारी मुलगी म्हणजे निकिता. देवळ्याच्या कांदेवाल्या शेतकऱ्याची लेक, पीएचडी करत होती. देवराम तिला मॅडम म्हणत आणि ती त्यांना गांगुर्डे काका. बाकीचे विद्यार्थी 'काका, हे धुवा' म्हणत. निकिता आपण काय करतोय तेही सांगे. एकदा त्यांनी विचारलं, की कॅन्सरच्या पेशी अर्काने मरतात म्हणजे जळतात का? ती म्हणाली, "नाही काका. त्या स्वतःहून मरतात. मरायचं कसं, हे प्रत्येक पेशीत आधीच लिहिलेलं असतं."

मग तिने स्टुलावर बसून समजावलं होतं. बेडकाच्या पिलाची शेपटी कापावी लागत नाही, शेपटीतल्या पेशींना हुकूम येतो आणि त्या एकेक करून आवरतं घेतात. आपल्या अंगातही रोज असंख्य पेशी अशाच ठरवून मरतात, म्हणून तर शरीर आकारात राहतं. हा हुकूम पाळायचा की नाही हे पेशीतली काही प्रथिनं ठरवतात. एक अडवणारं असतं. ते पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या वीजघराच्या भिंतीला पाठ लावून उभं असतं. दुसरं ढकलणारं, ते त्याच भिंतीला भोकं पाडायला टपलेलं. ढकलणाऱ्याची सरशी झाली की भिंत फुटते, कातरणारी प्रथिनं जागी होतात आणि पेशी आतून कातरली जाते. बऱ्याच कॅन्सरच्या पेशींत अडवणाऱ्याचं फार फावलेलं असतं, त्यामुळे त्या मरायचंच विसरतात. काही वनस्पतींतली द्रव्यं हा तोल पुन्हा फिरवतात.

दोन महिन्यांनी तिने त्यांना एक काळपट फिल्म दाखवली. तिच्यावर आडव्या पट्ट्यांच्या दोन रांगा होत्या. अर्काचं प्रमाण वाढत गेलं तशी वरची रांग फिकट झाली होती आणि खालची गडद. "वरचा अडवणारा, खालचा ढकलणारा," ती म्हणाली. "तुमच्या वेलीने केलं बघा हे." देवरामांनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरून तिरकी करून पाहिली. ती वेल त्यांनी स्वतः कातळावरून उतरवली होती, गुडघा फोडून घेतला होता. त्या संध्याकाळी त्यांनी घरी जिलबी नेली.

निकिताचा प्रबंध पुरा झाला, तिला हैदराबादला नोकरी लागली. जाताना तिने बांधलेली एक प्रत त्यांना दिली. आभाराच्या पानावर इंग्रजीत त्यांचं पूर्ण नाव होतं. तेजलने ते पान मोठ्याने वाचलं, लताबाईंनी तिला ते तीनदा वाचायला लावलं. मग तो जाड ग्रंथ काचेच्या कपाटात तेजलला शाळेत मिळालेल्या बक्षिसांच्या ढालींशेजारी उभा राहिला आणि पुन्हा कोणी उघडला नाही.

पुढच्या वर्षी विभागप्रमुखांनी फ्रीज रिकामा करायला सांगितला. यादीत सतरा नंबरही होता. फेकून दे, एवढंच ते म्हणाले. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि देवरामांनीही विचारलं नाही. कॉलेजात शिपायाला काम सुरू कधी करायचं ते सांगतात. काम का थांबलं हे त्याच्यापर्यंत येत नाही. मॅडम गेल्या, म्हणून काम थांबलं असणार, असं ते धरून चालले. गुण दाखवलेली वस्तू फेकून द्यायला त्यांचा हात धजेना. त्यांनी वाळलेला अर्क एका घट्ट झाकणाच्या बरणीत भरला, चिठ्ठी लावली आणि सामानखोलीत मागच्या फळीवर ठेवला.

दोन वर्षांनी लताबाईंच्या छातीत गाठ सापडली. सापडली म्हणजे त्यांनी ती सांगितली. हाताला ती सात महिन्यांपूर्वीच लागली होती. अंगणवाडीच्या ताई रजेवर होत्या, मग पोषण आहाराची तपासणी आली, मग तेजलला बघायला पाहुणे यायचे होते. ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की काखेतल्या गाठींतही आजार उतरलाय. दर एकवीस दिवसांनी एक असे सहा केमो घ्यावे लागतील, आणि तारखा चुकवायच्या नाहीत. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा सांगितलं.

कॉलनीतून सल्ले येऊ लागले. एकाने गोमूत्र सांगितलं. समोरच्या यशोदाबाईंनी पंचवटीतल्या एका वैद्याची पुडी स्वतः जाऊन आणली. देवरामांनी ती हात जोडून परत केली. "तुमची माया कळती मला. पण पुडीत काय हाय ते त्या वैद्यालातरी ठाऊक हाय का?" यशोदाबाई रागावल्या नाहीत, पण पुडी उंबऱ्यावरच ठेवून गेल्या. देवरामांनी ती कचऱ्यात टाकली.

दोन केमो झाले. लताबाईंचे केस गेले, तोंडात फोड आले, पाणीसुद्धा घोट घोट घ्यावं लागे. त्या एकदा म्हणाल्या, "हे औषध आजाराला मारतंय का मला, ते तरी विचारा तुमच्या सरांना." देवराम हसले नाहीत. त्यांच्या डोक्यात ती फिल्म फिरत होती. केमोच्या बाटलीतलं औषधही मुळात एका झाडाच्या सालीतून निघालं आहे, आणि कुंडीतल्या सदाफुलीनेही जगाला कॅन्सरवरचं औषध दिलं आहे, हे त्यांना निकितानेच सांगितलं होतं. मग सतरा नंबर का नाही? त्याचा तर पुरावा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

एका शनिवारी दुपारी, कॉलेज सुटल्यावर, त्यांनी बरणी उतरवली. विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकासाठी हाताने कॅप्सूल भरायचं छोटं यंत्र होतं. निकिताने तेव्हा उंदरांना दिलेल्या प्रमाणावरून त्यांनी लताबाईंच्या वजनाचा हिशेब मांडला, तो तीनदा तपासला, शंका नको म्हणून निम्मा केला. मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पूड तोलली. एकेक टोपण बसवताना त्यांचा हात जराही हलला नाही. पंचवटीतली पुडी कचऱ्यात टाकणारा हाच हात होता, आणि त्यात काही विसंगत आहे असं त्यांना वाटलं नाही. ते झाडपाला देत नव्हते. ते कॉलेजचं औषध देत होते.

लताबाईंनी कॅप्सूल तळहातावर घेऊन विचारलं, की डॉक्टरीणबाईंना ठाऊक आहे का. देवराम म्हणाले, त्यांना संशोधनाचे पेपर वाचायला वेळ कुठे असतो. लताबाईंनी नवऱ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही दिलंय ना? मग दगड असला तरी गिळते."

अकरा दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत पिवळी झाक आली. तिसऱ्या केमोच्या आधीच्या रक्ततपासणीत यकृताचे आकडे चढले होते. डॉक्टरीणबाईंनी केमो पुढे ढकलला. काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या लिहून दिल्या आणि केसपेपरवर पेन टेकवून विचारलं, की काढा, चूर्ण, झाडपाला, आयुर्वेदिक काही चालू आहे का?

"झाडपाला नाय डॉक्टर," देवराम म्हणाले. "आमच्याकडं तसलं चालत नाय."

लताबाई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला आणि भिंतीकडे पाहिलं.

विषाणूंच्या तपासण्या निर्दोष आल्या. तिसरा केमो दुसऱ्यांदा पुढे गेला. देवरामांनी घरी बसून विचार केला, आणि त्यांचा विचार नेहमीसारखाच सरळ रेषेत गेला. केमो बंद आहे, म्हणजे उरलेल्या आजाराला आता मोकळं रान आहे. त्याला रोखायला फक्त सतरा नंबर उरला आहे. एकाच्या दोन कॅप्सूल कराव्यात. पण आधी विचारलेलं बरं, म्हणून त्यांनी दुपारच्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या मागच्या जिन्यात बसून हैदराबादला फोन लावला.

निकिता आनंदली. काका कसे आहात, काकू कशा आहेत, सगळं विचारून झालं. देवरामांनी आवाज सहज ठेवून म्हटलं, की सतरा नंबर माणसाला द्यायचा झाला तर प्रमाण कितीपर्यंत वाढवता येईल?



"काका, सतरा तर आपण बंद केला. शेवटच्या वर्षी लिव्हरच्या निरोगी पेशींवर लावून पाहिला होता ना. त्याही मेल्या. तेवढ्याच प्रमाणाला."

"मला नाय सांगितलं कोणी."

"मीच सांगायला हवं होतं. घाईत राहून गेलं." तिचा आवाज बदलला. "अडवणारं आणि ढकलणारं, ही प्रथिनं चांगल्या पेशीतही तीच असतात काका. अर्काला काय कळतं, ही पेशी कोणाची ते. शिवाय डिशमध्ये तो पेशीवर थेट पडतो. पोटातून गेला की आधी लिव्हरच गाठतो. काका, कोणाला देताय?"

त्यांनी सांगितलं. निकिता म्हणाली, आत्ता, या क्षणी बंद करा आणि डॉक्टरांना सगळं सांगा, बरणी घेऊन जा, हवं तर माझं त्यांच्याशी बोलणं करून द्या. ती रडत होती. देवरामांनी 'बरं मॅडम' म्हणून फोन ठेवला.

ते आधी घरी गेले. लताबाई झोपल्या होत्या. त्यांनी काचेच्या कपाटातून प्रबंध काढला आणि पानं उलटू लागले. इंग्रजी त्यांना धड समजत नव्हतं, पण आलेख वाचायला इंग्रजी लागत नाही. शेवटून तिसऱ्या प्रकरणात तो सापडला. दोन रेषा, कॅन्सरच्या पेशींची काळी, लिव्हरच्या पेशींची तुटक. दोन्ही हातात हात घातल्यासारख्या एकत्रच खाली उतरत होत्या. हे पान तीन वर्षांहून जास्त काळ त्यांच्याच घरात, चांगल्या उजेडात, काचेआड उभं होतं.

लताबाई जाग्या झाल्या तेव्हा ते मांडीवर पुस्तक घेऊन बसले होते. त्यांनी सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. यकृत कशानं बिघडलं, केमो कशानं थांबला, आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा आपण काय बोललो.

लताबाई उठून भिंतीला टेकून बसल्या. मग म्हणाल्या, "तवा मी बी गप्प बसले. मला वाटलं, यांना डॉक्टरसमोर खोटं पाडायचं कसं." थोड्या वेळाने त्यांनी पाणी मागितलं आणि दोन घोट घेऊन म्हणाल्या, "डॉक्टरला सांगा. आजच सांगा. पण तेजलला नाय. आई गेली तर निदान बाप तरी राहू दे तिला."

त्याच संध्याकाळी देवराम बरणी, उरलेल्या कॅप्सूल आणि प्रबंध पिशवीत घालून दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाई चिडल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त तारखा विचारल्या, प्रमाण विचारलं, केसपेपरवर सगळं लिहून घेतलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाल्या, महिन्यातून चार-पाच जण असं काही घेऊन येतात. पण मिलिग्रॅममध्ये सांगणारे तुम्ही पहिलेच.

यकृत सावरायला आठ आठवडे गेले. तेवढ्यात लताबाई मागे पडल्या त्या पडल्याच. तिसरा केमो कमी ताकदीचा दिला, चौथाही दिला, पण कमरेचं दुखणं सुरू झालं आणि तपासलं तर आजार हाडांत उतरलेला होता. देवरामांनी एकदाच विचारलं, की वेळेवर केमो झाले असते तर? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कशाने किती झालं ते वेगळं करून सांगता येत नाही. आजार आधीच पसरायला लागला असेल, नसेलही. देवरामांनी मान हलवली. एकतीस वर्षांत त्यांनी असंख्य प्रयोग पाहिले होते. प्रत्येकात तुलनेसाठी एक बशी औषधाविना ठेवलेली असे. लता मात्र एकच होती.

शेवटचे दोन महिने त्यांनी रजा घेतली. कूस बदलून देणं, तोंडाचे फोड कापसाने पुसणं, पेज भरवणं, सगळं त्यांनी केलं. लताबाई अखेरपर्यंत बोलत होत्या. पेला धुऊन त्यांच्यापाशी आणला की म्हणत, "उजेडात नका बघू. आता काय सापडायचं त्यात." जानेवारीत, मकरसंक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमारास त्या गेल्या. तेजल ऑफिसातून येईपर्यंत देवराम त्यांचा हात धरून बसले होते.

लताबाईंच्या जलदान विधीला घरी कॉलनी लोटली होती. त्रिशरण, पंचशील झालं. मग रिवाजाप्रमाणे लोक उठून आदरांजली वाहू लागले. अंगणवाडीच्या ताई बोलल्या. विहाराचे अध्यक्ष बोलले, की गांगुर्डे दादांनी पत्नीची जी सेवा केली ती प्रत्येक नवऱ्याने डोळ्यांपुढे ठेवावी. शेवटपर्यंत विज्ञानाची कास सोडली नाही. लोकांनी माना डोलावल्या. तेजलने बापाच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात यशोदाबाई मागून सरकत देवरामांजवळ आल्या आणि कानाशी हळूच म्हणाल्या, की ही वेळ नव्हे, पण त्यांच्या धाकट्या बहिणीला तोच आजार निघालाय, पहिला केमो झाला तेवढ्यातच ती खचलीय. "लता म्हणाली होती मला, तुम्ही कॉलेजात बनवलेल्या गोळ्या देता म्हणून. तुमच्या पुस्तकात हाय म्हणे त्याचं. दादा, त्यातल्या उरल्यात का? तिचा पुढचा केमो थांबवते मी."

देवरामांनी शेजारी तेजलकडे पाहिलं. तिचा हात अजून पाठीवरच होता. लताबाईंनी मागितलेली ती एकच गोष्ट होती. यशोदाबाईंना बाहेर नेऊन दोन शब्दांत नको म्हणता आलं असतं. पण लताने ही गोष्ट किती जणींना अभिमानाने सांगितली असेल, ते कोणाला ठाऊक? या खोलीत बसलेल्यांपैकी उद्या आणखी कोणाच्या घरी आजार निघेल, तेही कोणाला ठाऊक नव्हतं.

ते उठून उभे राहिले. माईक पुढे केला तो त्यांनी घेतला नाही.

"लताला म्या कॅप्सूल दिल्या," ते म्हणाले. "कॉलेजच्या अर्काच्या. कॅन्सरच्या पेशी मरताना म्या पाहिल्या होत्या, म्हणून दिल्या. चांगल्या पेशी मेलेल्या मला ठाऊक नव्हत्या. तिचं लिव्हर बिघडलं ते त्याच्यानं. केमो राहिले ते त्याच्यानं. डॉक्टरनी विचारलं तर म्या नाय म्हटलं. यशोदाबाई, बहिणीचा केमो थांबवू नका. तारखेला न्या."

 बौद्धाचार्यांनी थोडं थांबून समारोपाचं सरणत्तय म्हणायला घेतलं आणि लोकांनी त्यांच्यामागे म्हटलं. देवरामांच्या पाठीवर आता हात नव्हता. तेजल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि आलेल्या बायकांना पाणी देत होती.

त्यानंतर ती बापाशी कामापुरतं बोले. सकाळी डबा भरून ठेवी, संध्याकाळी औषधाच्या दुकानातून त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणी. पाचव्या आठवड्यात एका रविवारी ती त्यांच्यासमोर येऊन बसली.

"आईला माहीत होतं?"

"होतं."

"मग मला का नाही सांगितलं तिने?"

देवरामांनी लताबाईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले. तेजलने ते ऐकून घेतले. तिचे डोळे कोरडे होते.

"तिने सांगितलं होतं तर पाळायचं होतं, पप्पा," ती म्हणाली. "मला आईही नाही आणि..." तिने वाक्य सोडून दिलं. मग विचारलं, "यशोदामावशींची बहीण?"

"तिसरा झाला गुरुवारी. तारखेला."

तेजल उठली. दुपारचे कपडे वाळत घालायचे राहिले होते, ते बादलीत घेऊन ती गच्चीवर गेली. देवराम बसल्या जागी तिची पावलं जिन्यावरून वर जाताना ऐकत राहिले.